१८६६ची बॅच : कोतळूकचे गोखले, मालगुंडचे केशवसुत



तुमच्या फोनवर ती रील एकदा तरी येऊन गेली असणार. दोन फोटो शेजारीशेजारी, खाली एकच साल, मागे ढोल-ताशा आणि प्रश्न, ‘तुम्हाला हे माहीत होतं का?’ टिळक आणि आगरकर दोघंही १८५६चे. आगरकर १४ जुलैचे, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, आणि टिळक २३ जुलैचे, आपल्या रत्नागिरीचे. मध्ये फक्त नऊ दिवस. हे खरं आहे, पण शाळेत सांगून झालेलं आहे. आज मला त्याच्यापुढे बरोबर दहा वर्षं जायचंय. साल १८६६. आणि शक्यतो रत्नागिरी जिल्ह्यातच राहायचंय. तेवढं जमणार नाही, कारण आजच्या गोष्टीतली सगळी माणसं लहान किंवा तरुण वयातच जिल्ह्याबाहेर पडली. अहो, तेच १८६६ साल बघा ना. दहा वर्षांचा बाळ टिळक त्याच वर्षी वडिलांच्या बदलीमुळे रत्नागिरी सोडून पुण्याला गेला.

तर १८६६. इंटरनेटवर हे साल टाकलंत तर चीनचे सुन यत-सेन येतील, ‘टाइम मशीन’वाले एच. जी. वेल्स येतील, फ्रान्सचे रोमाँ रोलाँ येतील. आपल्या जिल्ह्यातली दोन नावं मात्र एका यादीत क्वचितच दिसतात, कारण एक जण राजकारणाच्या धड्यात आहे आणि दुसरा कवितेच्या. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म कोतळूक, गुहागर तालुका. आणि कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, जन्म मालगुंड, रत्नागिरी तालुका.

नकाशा उघडा. गणपतीपुळ्याला गेला असाल तर मालगुंड अगदी हाकेच्या अंतरावर आहे. तिथून उत्तरेला निघालात की जयगड, मग शास्त्री नदीची खाडी, आणि पलीकडे तवसाळ, म्हणजे गुहागर तालुका सुरू. आता जयगड-तवसाळ फेरीबोट आहे, बाइक चढवायची आणि पलीकडे उतरायचं. कोतळूक त्याच तालुक्यात आतल्या बाजूला. म्हणजे एका खाडीच्या दोन बाजूंना, एकाच वर्षात, हे दोन पाळणे हलले.

आता गोखल्यांची तारीख पक्की आहे, ९ मे १८६६. केशवसुतांच्या दोन तारखा सापडतात. काही पुस्तकं १५ मार्च देतात, काही ७ ऑक्टोबर. साल दोन्हीकडे १८६६च. म्हणजे एक तारीख धरली तर कवी गोखल्यांपेक्षा दोन महिन्यांनी मोठा, दुसरी धरली तर पाच महिन्यांनी लहान. याचं फार आश्चर्य वाटून घेऊ नका. तुमच्या आजोबांच्या दाखल्यावर १ जून तारीख आहे की नाही, जरा बघा. गावोगावी मास्तरांनी शाळेत नाव घालताना जून महिना सोयीचा म्हणून तीच तारीख ठोकून दिली, आणि आख्ख्या पिढीचे वाढदिवस एकाच दिवशी आले. जन्मतारीख ही नोंद करणाऱ्याच्या हातातली गोष्ट असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोघांची सुरुवात बरीचशी सारखी आहे. दोन्ही घरं ब्राह्मणांची, अक्षरओळख असलेली, पण पैशाने बेताची. केशवसुतांचे वडील शिक्षक. गोखल्यांचे वडील कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीला, म्हणून गोपाळचं बालपण कोकणात गेलंच नाही. कोतळूक हे त्याचं आजोळ. कोकणातल्या शिकलेल्या माणसाने पोटासाठी घाट चढायचा, हे तेव्हाही ठरलेलंच होतं.

मग फरक कुठे पडला?

१८७९ मध्ये गोखल्यांचे वडील वारले. गोपाळ तेरा वर्षांचा. घरात मोठा भाऊ गोविंदराव, त्याचंही शिक्षण चालू होतं. त्याने ते सोडलं आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्या १५ रुपयांतले ८ रुपये तो दरमहा गोपाळला शिकायला पाठवायचा. अर्ध्याहून जास्त पगार. उरलेल्या सात रुपयांत बाकीचं घर. गोखले रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करत, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. (ती जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावावर असते, एकाच दिव्याखाली किती गर्दी झाली असेल कोण जाणे.) माझ्या लेखी त्या दिव्यापेक्षा हे आठ रुपये महत्त्वाचे. गोविंदरावांचं नाव कुठल्याही यादीत येत नाही. पण ते आठ रुपये आले नसते तर त्या घरातून एका ऐवजी दोन कारकून तयार झाले असते.

पैसे येत राहिले आणि गोपाळची गाडी कुठेही अडली नाही. १८८१ मध्ये मॅट्रिक. मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, थोडं पुण्याचं डेक्कन, शेवटी मुंबईचं एल्फिन्स्टन. १८८४ मध्ये बी. ए., वय १८. १८८५ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर, पगार ३५ रुपये. पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद.

इथे एक नाव मध्येच घालतो. एल्फिन्स्टनला गोखल्यांच्याच वर्गात धोंडो केशव कर्वे होते. तेही आपल्याच जिल्ह्याचे, जन्म खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, घर दापोलीजवळच्या मुरुडचं. बी. ए. दोघंही १८८४चे. पण कर्वे जन्मले १८५८ मध्ये! म्हणजे गोखल्यांपेक्षा आठ वर्षांनी मोठा माणूस त्याच बाकावर. मुलगा असताना कर्वे परीक्षेला बसायला मुरुडहून पायी साताऱ्याला गेले होते, आणि दिसायला फारच लहान म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नव्हतं. तेव्हा जन्मसालावरून ‘बॅच’ ठरवणं किती बेभरवशाचं आहे, बघा.

आता केशवसुत. ह्यांची गाडी दर स्टेशनावर थांबत गेली. लहानपणीच लग्न झालं. शिकायला बडोद्याला मामांकडे, मग वर्धा, मग नागपूर. नागपुरात त्यांची रेव्हरंड टिळकांशी, म्हणजे ना. वा. टिळकांशी ओळख झाली (तेव्हा ते अजून रेव्हरंड नव्हते). कवितेच्या दृष्टीने ती फार मोलाची, पण मार्कांच्या दृष्टीने काही उपयोगाची नव्हे. १८८४ मध्ये केशवसुत पुण्याला आले आणि शाळेत नाव घातलं. कुठली शाळा? न्यू इंग्लिश स्कूल.

जरा थांबा इथे. एकाच जिल्ह्यातले, एकाच सालातले दोन तरुण, एकाच शाळेत. एक फळ्यासमोर उभा, दुसरा बाकावर बसलेला. ह्यावर सिनेमावाल्याने लगेच सीन लिहिला असता, गोखले सर हजेरी घेतायत वगैरे. तो मोह मी आवरतो. नुसतं वय घ्या. केशवसुत मॅट्रिक झाले १८८९ मध्ये. वय तेवीस. त्याच तेवीसाव्या वर्षी गोखले प्राध्यापक होते, आणि आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राची इंग्रजी बाजू सांभाळत होते.

मला माहितीय, तुमच्यातले काही जण हे ऐकून आपापल्या गॅप इयरचा हिशेब करतायत. करू द्या. पण त्याच १८८९ सालाची आणखी एक नोंद आधी ऐका.

देवरुख आपल्याच जिल्ह्यातलं. तिथली गोदूबाई जोशी, याच पिढीतली. आठव्या वर्षी लग्न, आणि लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा. पुढची कितीतरी वर्षं घरातल्या कामात गेली. १८८९च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, आणि तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे ही गोदूबाई. विशीतली बाई लहान मुलींच्या शेजारी बसून शिकायला लागली. तिचा भाऊ नरहरपंत जोशी हा कर्व्यांचा मित्र. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईशी पुनर्विवाह केला. ह्याच पुढे बाया कर्वे. मुरुड गावाने त्या लग्नावरून कर्व्यांच्या घरावर बहिष्कार टाकला. पुढे बायांनी ‘माझे पुराण’ लिहिलं. नक्की वाचा, आपल्याकडच्या बाईने स्वतःबद्दल इतकं रोखठोक क्वचित लिहिलंय.

तर १८८९. एक प्राध्यापक, एक मॅट्रिक, एक मुळाक्षरं. तिघंही एकाच जिल्ह्यातले. रील बनवायचं तर हे तीन फोटो शेजारी ठेवा ना.

पण केशवसुत त्या पाच वर्षांत पुण्यात नुसते नापास होत बसले होते असं नाही. पुणं तेव्हा पेटलेलं होतं. १८८८च्या ऑक्टोबरमध्ये ‘सुधारक’ सुरू झाला. मराठी बाजू आगरकर लिहीत, आणि जातिभेद, बालविवाह, विधवांचे हाल यांवर सरळ घाव घालत. त्याच सुमारास केशवसुतांनी ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता लिहिली. रस्त्याने जाणाऱ्या ब्राह्मणाने, आपल्यावर सावली पडू नये म्हणून, खेळणाऱ्या पोराला दरडावलं, आणि ते पोर आईला विचारतं की असं का. बस, एवढीच कविता. मराठीत हा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता असं नाही. चोखोबांनी विचारला, फुल्यांनी विचारला. पण मालगुंडच्या एका ब्राह्मण मास्तराच्या मुलाने तो त्या पोराच्या तोंडून विचारला, हे मला मोठं वाटतं. ह्यानंतर दोन-तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, ज्या घराचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या घरात भीमराव जन्मला. पुढे पोरांनी आयांना विचारायचं थांबवलं आणि थेट कायद्याला विचारलं.

मॅट्रिकनंतर केशवसुत मुंबईला. शिकवण्याच्या नोकऱ्या, मिळतील तशा, पगार बेताचा. ह्याच मुंबईच्या दिवसांत, १८९३ मध्ये, ‘तुतारी’ लिहिली. हो, बाया आणि कर्व्यांच्या लग्नाचंच वर्ष. ‘झपूर्झा’ही त्याच वर्षाची. इंग्रजी कवींचं वाचन पुण्यापासून चालू होतंच. तिथला सॉनेट नावाचा चौदा ओळींचा प्रकार त्यांनी मराठीत आणला. आज आपण ज्याला सुनीत म्हणतो, तोच. तोवर मराठी कवी प्रामुख्याने देवाबद्दल, राजाबद्दल, पुराणातल्या नायिकेबद्दल लिहायचा. केशवसुत स्वतःबद्दल लिहायला लागले. उदास वाटतंय, गाव आठवतंय, सतारीचे सूर ऐकून बरं वाटलं, हे सगळं कवितेत येऊ शकतं हे त्यांनी दाखवलं. तुम्ही रात्री दीड वाजता स्टेटसला चार ओळी टाकता ना, त्या रस्त्याची सुरुवात इथून झाली. दोष द्यायचा तर त्यांना द्या.

घरच असलं होतं म्हणा. धाकटा भाऊ मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं, जे अजूनही अभ्यासकांच्या टेबलावर असतं. आणखी एक भाऊ सीताराम पत्रकार आणि कादंबरीकार. एका भावाने भाषेचे नियम मोडले, दुसऱ्याने लिहून काढले. जेवताना काय वाद होत असतील!

आता प्लेग. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात. ह्या रोगाने आपल्या दोघांनाही गाठलं, वेगवेगळ्या प्रकारे.

१८९७ मध्ये गोखले इंग्लंडमध्ये होते, वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाचा हिशेब ते आकड्यांनिशी मांडत होते. तेवढ्यात पुण्याहून मित्रांची पत्रं आली की प्लेगच्या तपासणीच्या नावाखाली गोरे सोल्जर घरात घुसतायत, बायकांवर अत्याचार झालेत. गोखल्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. गदारोळ झाला, पुरावा मागितला गेला. आणि ज्यांनी पत्रं पाठवली होती ते पुढे यायला तयार झाले नाहीत. गोखल्यांनी त्यांची नावं उघड केली नाहीत. परत आल्यावर जाहीर माफी मागितली, बिनशर्त. मग इकडच्यांनी त्यांना सोललं. आजच्या भाषेत म्हणायचं तर ट्रोल केलं, आणि ते बरीच वर्षं चाललं. मला स्वतःला ती माफी भेकडपणाची वाटत नाही. शब्द सिद्ध करता येत नव्हता आणि माणसांना उघड्यावर टाकायचं नव्हतं. ह्या दोन्हीतून उरणारी वाट तेवढीच होती. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा.

प्लेगच्या त्या वर्षांत केशवसुतांनी मुंबई सोडली. खानदेशात भडगावच्या शाळेत मास्तर, मग फैजपूरला मुख्याध्यापक. जळगावहून निघणाऱ्या ‘काव्यरत्नावली’त कविता छापून येत, हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये येत. नाव मात्र ‘केशवसुत’, म्हणजे केशवचा मुलगा. वर्गातल्या पोरांना दामले मास्तर एवढंच माहीत असायचं. १९०४ मध्ये त्यांची बदली धारवाडच्या हायस्कुलात झाली, मराठी शिकवायला. गंमत अशी की त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १९०३ मध्ये, गोखल्यांनी त्याच धारवाडला सामाजिक परिषदेत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या उन्नतीवर भाषण केलं होतं. कुत्र्याला शिवतो आणि माणसाला नाही, हा काय प्रकार, असा त्यांचा रोख होता. पुण्यातल्या त्या कवितेचा प्रश्न पंधरा वर्षांनी व्यासपीठावरून. एका वर्षाने चुकामूक झाली म्हणायची.

आणि मग १९०५. दोघंही एकोणचाळिशीचे.

गोखल्यांचं ते सगळ्यात उंचीचं वर्ष. तोवर ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये होते. १९०२ मधल्या पहिल्याच बजेट भाषणात त्यांनी सरकारची शिल्लक म्हणजे गरिबाच्या खिशातून जास्तीचा काढलेला कर आहे, असं आकडे देऊन मांडलं होतं, आणि पुढच्या वर्षी मिठावरचा कर कमी झाला होता. १२ जून १९०५ला त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. वर्षाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये प्रचार, ऑक्टोबरात बंगालची फाळणी, आणि डिसेंबरात बनारसला काँग्रेसचं अध्यक्षपद.

ह्या दोन टोकांच्या मध्ये, ७ नोव्हेंबर १९०५. केशवसुत धारवाडहून हुबळीला आजारी काकांना भेटायला गेले होते. हुबळीत प्लेग होता. तिथेच गेले. त्यांच्या हातून झालेल्या कविता सगळ्या मिळून सव्वाशेच्या थोड्या पुढे. हयातीत एकही पुस्तक नाही.

गोखलेही फार थांबले नाहीत. मधुमेह, दमणूक, सततचा प्रवास. १९११ मध्ये त्यांनी कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं, मुलांचं शिक्षण हळूहळू सक्तीचं करा म्हणून. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गांधींकडे गेले. १९ फेब्रुवारी १९१५ला, वयाची ४९ वर्षं पुरी व्हायच्या आधी, पुण्यात गेले. ते बिल पडताना त्यांना गोविंदरावांचे आठ रुपये आठवले असतील का, हा माझा आपला विचार. कारण बिलाचं म्हणणं तेच तर होतं, की पोराचं शिक्षण एखाद्या भावाच्या पगारावर अवलंबून राहू नये.

‘केशवसुतांची कविता’ हे पुस्तक हरिभाऊ आपट्यांनी काढलं ते त्यानंतर, कवी जाऊन दहा वर्षं उलटून गेल्यावर. मग पुढच्या पिढीने त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणायला सुरुवात केली. मालगुंडच्या त्यांच्या जन्मघराशी कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक उभारलंय. मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने ते झालं आणि ८ मे १९९४ला कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तारीख बघा, ८ मे. दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडच्या गोखल्यांची जयंती.

पुळ्याला गेलात तर समुद्रावरून थेट परत फिरू नका. मालगुंडला स्मारकात तासभर बसा, मग जयगडवरून फेरीबोट पकडून कोतळूककडे जा. एका दिवसात होतं. पावसाळ्यात जाणार असाल तर बोट सुरू आहे का ते आधी विचारून घ्या.

पुढचा भाग १८५८ सालाचा. कर्वे १८ एप्रिलचे, पंडिता रमाबाई २३ एप्रिलच्या, पाच दिवसांचा फरक. आणि देवरुखची गोदूबाई एकीची विद्यार्थिनी, दुसऱ्याची बायको. तोवर घरात सगळ्यात जुना जन्माचा दाखला कुणाचा आहे ते शोधा आणि त्यावर कुठली तारीख आहे ते मला कळवा. पणजीचा सापडला तर फारच छान.